मळाईची शेवंती आणि गेनूच्या सहा गाठी

ओढ्याच्या वळणावर वाकेवाडी नावाचं गाव. त्या गावात एक भोळा संसारी माणूस होता. नाव गेनू. भोळा म्हणजे कसा? लबाडी ठाऊक नाही. आळस ठाऊक नाही. सांगितलेलं काम टाळणं तर बिलकूल ठाऊक नाही. आता तुम्ही म्हणाल, मग वाईट काय? अहो, तिथंच तर सगळा घोळ होता. सांगितलेलं काम गेनू जिथं सांगितलं तिथं करायचा, आणि जिथं सांगितलं नव्हतं तिथंही करायचा.

त्याची बायको हौसा. ती मात्र तरतरीत. गावातली माणसं म्हणायची, देवानं दोघांची अक्कल एकाच पिशवीत भरली आणि पिशवी हौसाच्या हातात दिली.

त्यांच्या घरामागच्या परसात शेवंतीचं एक बेट होतं. गुडघ्याएवढं उंच, पण रुंदीला चांगलं ऐसपैस. हौसाच्या सासूनं एक काडी लावली होती. तिला मुळाशी पिलं फुटली, पिलांना पिलं फुटली. फुलं येऊन गेली की वरचं सगळं वाळायचं आणि पावसाळ्याला पुन्हा खालून हिरवं व्हायचं. सासू गेली, बेट राहिलं.

साधंसुधं बेट नव्हतं ते. वाकेवाडीच्या मळाईची जत्रा मार्गशीर्ष पुनवेला. त्या दिवशी देवीच्या डोक्यावर पहिली फुलं चढायची ती गेनूच्या घरची. रीत अशी, की फुलं शेवंतीचीच हवीत, घरच्या परसातलीच हवीत, आणि दिवस उगवायच्या आत चढायला हवीत. विकतची चालत नाहीत. एक वर्ष जरी चुकलं, तरी मान शेजारच्या घराला. गेला तो गेला.

आणि शेजारच्या घरात कोण? सुंदराकाकी. वीस वर्षं ती दर जत्रेला पहाटे उठून दोन परसांमधल्या कुडावरून डोकावत आली होती, की चुकलं का, चुकलं का.

हौसाच्या अंगावर सोनं नव्हतं, पदरी मूल नव्हतं. एरवी पाणवठ्यावर तिला कुणी आधी घागर भरू देत नसे. पण जत्रेच्या त्या एका सकाळी ती शेवंतीची वेणी घेऊन निघाली की सारा गाव बाजूला होऊन वाट द्यायचा. वर्षभर ती त्या वाटेवर जगायची.

यंदा काय झालं, गौरी यायच्या आदल्या दिवशी अंगण सारवताना हौसा घसरली. पाय मोडला. तालुक्याच्या डॉक्टरनं मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, तीन महिने पाय खाली टेकायचा नाही. हौसा माजघरात खाटेवर पडली. तिथून परस दिसत नव्हतं. नुसतं ऐकू यायचं.

तिनं गेनूला जवळ बोलावलं. "अवं, आता शेवंती तुमच्या हवाली. रोज एक कळशी पानी घालायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला.

दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला तो धो धो. हौसाला परसातून सुंदराकाकीचं हसणं ऐकू आलं. हौसानं गेनूला हाक मारली. थोड्या वेळानं गेनू आत आला. नखशिखांत भिजलेला, हातात छत्री.

"कुठं होता?"

"पानी घालत होतो की."

"ह्या पावसात? आन् छत्री असून भिजला कसं?"

"छत्री शेवंतीवर धरली होती. तू एकच कळशी म्हनालीस. पावसाचं पडलं असतं तर जास्त झालं असतं."

हौसानं कपाळाला हात लावला. "अवं, पाऊस असला की कळशी घालायचीच न्हाई! पानी साचलं की शेवंतीची मुळं कुजत्यात. वरनं पानी पडायला लागलं की पोत्यानं झाकायचं, आन् खालनं चर काढून पान्याला बाहीर वाट द्यायची. कळलं?"

"कळलं." आणि विसरू नये म्हणून गेनूनं खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारली.

तो लगेच परसात गेला, शेवंतीवर पोतं घातलं, चर काढली. अगदी बरोबर केलं. हे गेनूचं नेहमीचंच. एकदा समजावलं की ते काम तो बरोबर करायचा. पंचाईत व्हायची ती पुढच्या कामात.

वाकेवाडीला नळाचं पाणी मंगळवारी आणि शनिवारी. शनिवारी सकाळी नळ सूं सूं करायला लागला. खाली मोठं पिंप ठेवलेलं. गेनूनं बघितलं, वरून पाणी पडायला लागलं. त्यानं पंच्याची गाठ चाचपली. धावत जाऊन पोतं आणलं, पिंपावर घट्ट बांधलं आणि कुदळ घेऊन चर खणली. वाट उताराची, म्हणजे थेट सुंदराकाकीच्या वांग्यांत. तासभर पाणी आलं. वांगी तृप्त झाली. गेनूच्या घरात चूळ भरायला पाणी उरलं नाही.

"अवं, काय केलं तुमी ह्ये!" हौसा खाटेवरून ओरडली. "मंगळवारपत्तुर प्यायचं काय? असं दारात चालून आलेलं कुनी सोडतं का? ते सगळं घरात घ्यायचं आन् झाकन लावून ठेवायचं. एक थेंब बाहीर जाऊ द्यायचा न्हाई."

"दारात चालून आलेलं घरात घ्यायचं," गेनू म्हणाला. दुसरी गाठ.

मंगळवारी त्यानं पिंप भरलं, कळशा भरल्या, वाट्याही भरल्या. हौसाला बरं वाटलं. बुधवारी सुंदराकाकीची शेळी आली.

शेळीचं नाव चांदी. काकीसारखीच, कुडाच्या फटीतून मान घालायची सवय. ती परसात शिरली आणि शेवंतीकडे निघाली. गेनूनं बघितलं, दारात चालून आली. त्यानं तिला उचलली, माजघरात आणून सोडली आणि बाहेरून कडी घातली. वर पिंपावर घालतात तसं एक ताटही दाराला टेकवून ठेवलं.

आत हौसा खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. चांदी मोकळी. चांदीनं आधी भाकरी खाल्ली. मग डॉक्टरची चिठ्ठी. मग भिंतीवरचं कॅलेंडर खालच्या बाजूनं मार्गशीर्षापर्यंत. मग ती खाटेवर चढली आणि हौसाच्या अंबाड्याकडे निरखून बघायला लागली. हौसा अशी किंचाळली, की ओढ्यापलीकडची माणसं धावून आली. सगळ्यांत पुढे सुंदराकाकी. "माझी शेळी चोरली! घरात कोंडली!"

शेळी गेली, माणसं गेली, मग हौसा बोलली. तिचा आवाज बसला होता. "अवं, शेवंतीकडं वाकून कुनी तोंड घातलं की त्याला घरात आनत्यात व्हय? काठी घ्यायची. हाड म्हनायचं आन् पाठीत दोन हानायच्या. कुनाचं हाय, ते बघायचं न्हाई! कळलं?"

"कुनाचं हाय ते बघायचं न्हाई," गेनू म्हणाला. तिसरी गाठ. त्या दिवसापासून कुडाला एक काठी टेकवून ठेवली.

हसू नका. आता येतात ते गुरव आहेत.

दसरा झाला की मळाईचा गुरव, भिवातात्या, गेनूच्या परसात येऊन शेवंतीला हळद-कुंकू लावायचा. फुलं देवीची, म्हणून झाडाचा आधी मान करायचा, अशी जुनी पद्धत. भिवातात्या सत्तरीचा. नजर अधू. तो आला, चपला काढल्या, शेवंतीपाशी वाकला. कळ्या धरल्यात का ते दिसेना, म्हणून त्यानं आणखी वाकून पानांत तोंड घातलं.

गेनूला घरातून नुसती पाठच दिसत होती. शेवंतीकडे वाकून तोंड घातलंय. कुणाचं आहे ते बघायचं नाही. त्यानं डोळे गच्च मिटले, काठी उचलली, "हाड!" म्हणाला आणि दोन हाणल्या.

कुंकवाचं ताट उडालं ते सुंदराकाकीच्या अंगणात. काकीनं ते आनंदानं कपाळाला लावलं.

"देवीच्या गुरवाला शेळीगत मारतोस?" भिवातात्या पाठ चोळत ओरडला. "संपला तुझ्या घरचा मान! आजपासून संपला!"

आतून हौसा रडत ओरडली, "तात्या, पाया पडते तुमच्या! पडायला बी येत न्हाई, हितनंच पडते. मारलं त्यांनी न्हाई, मारलं माझ्या सांगन्यानं. माझ्याजवळ एवढं एकच हाय, ते काढून घेऊ नका."

म्हातारा आत आला. तिचा पाय बघितला, तिचं तोंड बघितलं, आणि विरघळला. "तुझ्याकडं बघून सोडतो, पोरी. पन पुनवेला फुलं चुकली, तर मग मला काय सांगू नकोस."

तो गेल्यावर हौसानं डोळे पुसले. आता ती एकेक शब्द तोलून बोलली. "नीट ऐका. शेवंती बघायला जो येईल, तो पाव्हना. पाव्हन्याला हाकलायचं न्हाई. त्याच्यापुढं गूळ-पानी ठेवायचं. आन् रिकाम्या हातानं तर कधीच धाडायचं न्हाई."

"पाव्हना. गूळ-पानी. रिकाम्या हातानं न्हाई," गेनू म्हणाला. चौथी गाठ.

आठ दिवसांनी गेनू हसत हसत आत आला. "हौसे, गुळाचा डबा कुठं हाय?"

"कशाला?"

"शेवंतीकडं पाव्हने आल्यात."

"कोन?"

"वळखीचं कुनी न्हाई. पन घरंदाज दिसत्यात. गप बसल्यात. बारीक अंगाचं हायेत, हिरवं हिरवं."

"किती जन?"

"मोजायला बसलो तर सांज व्हईल."

हौसाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला होता, आणि गेनूनं पानापानावर गुळाचा खडा आणि थेंबभर पाणी ठेवलं होतं. गूळ म्हटल्यावर मुंग्या आल्या. गेनूनं त्यांनाही बसा म्हटलं.

"अगं बाई, मावा तो! तो रस पितो झाडाचा!" हौसा म्हणाली. "आता रडू का हसू? चुलीतली राख घ्या, चाळा, आन् पानांवर भुरभुरा. आन् जिथं मावा दाट हाय, तिथला शेंडा नखानं खुडून टाका. भिऊ नका. वरचा एक शेंडा खुडला की खालनं चार फुटत्यात."

"एक खुडला की चार," गेनू म्हणाला. पाचवी गाठ.

आणि काय सांगू, ह्या वेळी त्यानं सोनं केलं! राख भुरभुरली, शेंडे खुडले, मुंग्यांना बाहेरची वाट दाखवली. पंधरा दिवसांत एकेका काडीला चार-चार फुटवे आले. बेट दुप्पट झालं. तो फुटवे मोजून हौसाला सांगायचा आणि ती पहिल्यांदाच म्हणाली, "शाबास हो! माझ्या हातनं बी असं झालं नसतं."

बारा वर्षांच्या संसारात गेनूला पहिली शाबासकी मिळाली. ती त्याला चढली. आणखी एक शाबासकी मिळवायची, असं त्यानं ठरवलं.

परसात एक नारळ होता. हौसाच्या भावानं दिलेला, सहा वर्षांचा. यंदा पहिल्यांदा फळ धरेल म्हणून हौसा आस लावून बसली होती. एकदा म्हणालीही होती, "एकच हाय हो. चार असते तर!"

गेनूनं ते ऐकून ठेवलं होतं. त्यानं कोयता घेतला, शिडी लावली आणि वर चढला.

माजघरात हौसाला आधी खस्स-खस्स ऐकू आलं. मग धप्प.

"अवं, काय पडलं?"

"शेंडा!" गेनू वरूनच ओरडला. "आता बघ, चार फुटत्यात का न्हाई!"

नारळाचा शेंडा गेला की नारळ गेला, हे वाकेवाडीत रांगत्या पोराला ठाऊक. गेनू मात्र शिडीखाली मान वर करून बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी हौसाला म्हणाला, "पैला फुटवा यायला वेळ लागतोय."

हौसा ओरडली नाही. ती घाबरली होती. शेवंतीला आता कळ्या येतील, आणि हा माणूस एक खुडला की चार म्हणून सगळ्या कळ्या खुडून ठेवील. तिनं त्याला खाटेपाशी बसवलं. "हात जोडा. मळाईची शपथ घ्या. म्हना, परसातलं काय बी खुडायचं न्हाई."

"खुडायचं न्हाई."

"तोडायचं न्हाई. उपटायचं न्हाई."

"तोडायचं न्हाई. उपटायचं न्हाई."

"जागचं हलवायचं न्हाई. मी सांगेपत्तुर."

"मळाईची शपथ," गेनू म्हणाला. सहावी गाठ. ही एवढी मोठी मारली, की पंच्याचा नुसता गोळा झाला.

कार्तिक सरला. शेवंती उमलली. पिवळीधमक! एवढी फुलं सासूच्या हयातीतही आली नव्हती. गेनू रोज सकाळी फुलं मोजायचा, हात न लावता. सुंदराकाकी कुडावरून बघायची आणि सुस्कारा टाकायची. हौसा खाटेवर झोपल्या झोपल्या बोटांनी हवेतच वेणी गुंफायची.

पुनवेच्या आदल्या दिवशी हौसाचा भाऊ तिला प्लास्टर काढायला तालुक्याला घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत परत येऊ म्हणाला. पण डॉक्टरच आला चार वाजता. प्लास्टर निघेपर्यंत शेवटची एसटी गेली. हौसानं गेनूला फोन लावला.

"अवं, मला यायला सकाळ होनार. पन फुलं चुकू द्यायची न्हाईत. वेनी गुंफायची तुमाला जमायची न्हाई, ऱ्हाऊ द्या. नुसती फुलं देवीच्या डोक्यावर गेली पायजेत. आपल्या परसातली. दिवस उगवायच्या आत. बाकी काय बी झालं तरी चालंल."

"बाकी काय बी?"

"काय बी!" हौसा म्हणाली आणि फोन ठेवला. खुडा, एवढं सांगायचं ती विसरली. तिच्या लेखी ते सांगायची गरजच नव्हती.

पहाटे गेनू आंघोळ करून शेवंतीपुढे उभा राहिला. हात पुढे केला. सहावी गाठ आठवली. हात मागे घेतला. फुलं देवीच्या डोक्यावर गेली पाहिजेत, आणि फुलं खुडायची नाहीत. देवीची शपथ मोडून देवीलाच फुलं कशी वाहायची? त्याला खरंच रडू आलं. हौसा येईल, मान गेलेला असेल, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहील. ते त्याला बघवणार नव्हतं.

मग त्यानं विचार केला. स्वतःचा, कुणी न सांगितलेला, आयुष्यातला पहिला विचार. आणि असे विचार फार जोरात येतात.

शेवंती जागची हलवायची नाही. देवीबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

देवळात मळाईचा पितळी मुखवटा नवं लुगडं नेसवून पालखीत बसवला होता. भिवातात्या ओढ्यावर आंघोळीला गेला होता. मानकरी गेनूच, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. बाहेर दव पडत होतं. वरून पाणी पडतंय म्हणून त्यानं देवीला पालखीतून उचलून पोत्यानं झाकलं. घरी नेऊन शेवंतीच्या बेटात मधोमध बसवलं. चहूकडून फुलं वाकून देवीच्या डोक्यावर आली. एकही खुडलं नव्हतं. मग त्यानं भोवती लहानशी चर काढली. देवी शेवंतीकडे आली म्हणजे पाहुणी, म्हणून गूळ-पाणी ठेवलं.

तिकडे भिवातात्या ओल्या धोतरानं देवळात आला आणि बघतो तर पालखी रिकामी. "देवी गेली! मळाई गेली!" म्हाताऱ्यानं असा हंबरडा फोडला, की ढोलवाल्याच्या हातातली टिपरी पडली. सारा गाव शोधायला लागला. कुणी ओढ्यात बघितलं, कुणी उसात. सापडली ती सुंदराकाकीला. कारण ती रोजच्यासारखी कुडावरून डोकावली होती.

"चोर! चोर! ह्यानं देवी चोरली!"

गाव परसात घुसला. गेनू बेटापुढे उभा, एका हातात काठी, एका हातात गुळाचा डबा. एवढी माणसं शेवंतीकडे वाकून बघत होती. हाणायचं की गूळ द्यायचा, हे त्याला ठरवता येईना.

"मान काढा ह्याचा!" काकी म्हणाली. "आता तरी काढा!"

भिवातात्या पुढे आला. त्यानं देवीकडे बघितलं. मग डोंगराकडे बघितलं. दिवस अजून वर आला नव्हता. म्हातारा दाढी खाजवत म्हणाला, "फुलं शेवंतीचीच हायेत. परसातलीच हायेत, परसातच हायेत. दिवस उगवायच्या आत डोक्यावर चढल्यात. देवीनं कुठं बसायचं, ते रीतीत सांगितलेलं न्हाई. मान ह्याच घरचा!"

लोक हसले, मग कुणीतरी चांगभलं म्हणालं आणि ढोल वाजला. तेवढ्यात भाड्याच्या जीपमधून भावाबरोबर हौसा उतरली. काठी टेकत परसात आली. माणसं बाजूला झाली, तिला वाट दिली. देवीच्या डोक्यावर आपली फुलं बघून ती तिथंच मातीत बसली आणि सगळ्यांदेखत रडली. आनंदानं रडली. "माझा भोळा धनी गं," म्हणाली.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण पालखी निघायची होती. भिवातात्या देवीला उचलायला वाकला, तसा गेनू आडवा आला.

"थांबा. फुलं देवीच्या मुकुटात गुतल्यात. देवी हलली की फुलं हलनार. जागचं हलवायचं न्हाई. शपथ हाय."

"अवं, सरका!" हौसा म्हणाली.

"तू सांगेपत्तुर न्हाई म्हनालीस."

ढोल थांबला. माणसं खोळंबली. दिवस वर यायला लागला. हौसा कावली. "अवं, सुटली ती शपथ! मी सांगते! खुडा, तोडा, उपटा, हलवा, काय करायचं ते करा, पन देवीची वाट मोकळी करा!"

गेनूनं सहावी गाठ सोडली. मग खुडलं. मग तोडलं. मग उपटलं. मग हलवलं. अगदी त्याच क्रमानं. भिवातात्यानं देवी तेवढी उचलून घेतली, पण गेनूला कुणी धरायच्या आत सासूच्या हातचं बेट मुळांसकट उलटं पडलं होतं आणि परसात खड्डा होता.

भिवातात्यानं हौसाच्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊ नकोस, पोरी. मुळाशी पिलं किती हायेत बघ. वेगळी करून लावली की सगळी जगतील."

हौसानं मोजली. एकवीस. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं फुलं ओच्यात घेतली आणि गेनूला म्हणाली, "मी देवीसंगं जाते. तुमी हितंच थांबा. पिलं वेगळी करा. बास, एवढंच." आणि ती पालखीपुढे लंगडत, पण मान ताठ करून, साऱ्या गावानं दिलेल्या वाटेवरून गेली.

दुपारी ती परत आली. खड्डा होता तसाच होता. गेनू शेजारी बसून घाम पुसत होता.

"पिलं कुठं हायेत?"

"दिली."

"कुनाला?"

"बाया आल्या होत्या शेवंती बघायला. शेवंती बघायला जो येईल तो पाव्हना. रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई." त्यानं पंचा पुढे केला. "ही बघ, चौथी गाठ."

"सगळी दिली?"

"सगळी. सुंदराकाकी दोनदा आली, तिला दोन दिली."

पुढच्या मार्गशीर्षात वाकेवाडीच्या वीस परसांत शेवंती फुलणार होती. गेनूचं परस सोडून. हौसा खड्ड्याकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अवं, आन् आपल्याला एक बी ठेवलं न्हाई?"

गेनूला तिच्या ह्या प्रश्नाचं नवल वाटलं. "आपल्याला कसं? आपन कुठं पाव्हने हाय?"

हौसानं कुडाला टेकवलेली काठी उचलली. आणि समोरचा माणूस कुणाचा आहे, ते तिनं अजिबात बघितलं नाही.